एसएमडी मोजायचे चिमटा-मीटर : चार वापरले, हाताशी दोनच राहिले

एसएमडी (म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारे बारीक पार्ट) कॅपॅसिटरची डबी एकदा हातातून उपडी झाली की माणसाला कळतं चिमटा-मीटर, म्हणजे पार्ट टोकांत पकडून तिथेच मोजणारा चिमटा, कशासाठी असतो ते. रेझिस्टरचं एक बरं असतं, ०६०३ (हा आकाराचा कोड, आकडा लहान तसा पार्ट लहान) पर्यंत बहुतेकांच्या डोक्यावर काहीतरी छापलेलं असतं, १०३ दिसलं की १० के (किलोओहम), ०१सी दिसलं की तेही १० केच (हा एक टक्केवाल्यांचा वेगळा कोड, पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं माल चुकीचा आलाय). पण सिरॅमिक कॅपॅसिटर? कोरे करकरीत. १०० पिकोफॅरड असो नाहीतर १० मायक्रोफॅरड, सगळे त्याच मातकट रंगाचे, आणि ०४०२ म्हणजे लांबी १ मिमी, रुंदी अर्धा मिमी, त्यावर कोण काय छापणार. साध्या मल्टिमीटरने मोजायला जावं तर दोन हातांत दोन प्रोब आणि पार्ट धरायला तिसरा हात हवा, तो देवाने दिलेला नाही. एका बाजूने जरा जास्त दाबलं की टुणकन उडतो, मग मोबाईलचा टॉर्च लावून जमिनीवर पालथं पडा आणि शोधत बसा.

तर गेल्या दोन-अडीच वर्षांत एकेक करत चार प्रकारचे चिमटे घेतले, सगळे स्वस्तातले किंवा फार तर मधल्या किमतीतले, आणि ताडून बघायला मित्राचा डीई-५००० हा हातात धरायचा एलसीआर मीटर (इंडक्टर, कॅपॅसिटर, रेझिस्टर तिन्ही मोजणारा) अधूनमधून उसना आणतो. ज्यांच्याबद्दल कुरकुर करणार आहे त्यांच्या कंपन्यांची नावं लिहीत नाही, एका नगावरून अख्ख्या कंपनीला झोडपणं बरं नाही. त्यांना मी घरात जी नावं पाडलीत तीच वापरतो: वायरवाला, सेलवाला, चार्जिंगवाला आणि सुट्या पायांचा.

बाजारात काय काय मिळतं त्याचा अंदाज हवा असेल तर, नाण्याएवढ्या सेलवर चालणाऱ्यांत मास्टेकचा एमएस८९१० जुना आणि बऱ्याच लोकांकडे असलेला, रेझिस्टर-कॅपॅसिटर-डायोड आपोआप ओळखणारा. युनि-टीचे यूटी११६ त्याच भावकीतले. चार्जिंगच्या एलसीआर चिमट्यांत फ्निर्सीचा एलसीआर-एसटी१ आहे, तो १०० हर्ट्झ, १ किलोहर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झ अशा तीन फ्रिक्वेन्सी देतो. मिनीवेअरचा डीटी७१ म्हणजे टोकं बदलता येणारा बारकुसा प्रकार. आणि या सगळ्यांच्या वर स्मार्ट ट्वीझर्स, त्यांची किंमत बघायची, उसासा टाकायचा आणि पुढे जायचं. माझ्याकडचे चार म्हणजे हेच असं धरून चालू नका, प्रकार कळावेत म्हणून नावं दिली.

आता वायरवाला. हा मीटरच नाही खरं तर, नुसता प्लास्टिकचा चिमटा, दोन टोकांना दोन वायरी आणि शेवटी बनाना प्लग, आपल्याकडे आहे त्याच मल्टिमीटरमध्ये खुपसायचा. सगळ्यात स्वस्त, आणि रेझिस्टर, डायोड, एलईडी एवढंच बघायचं असेल तर खोटं कशाला बोलू, पुरतो. मला हा वर्षभर पुरला. अडचण कॅपॅसिटरला येते. वायरी लांब, त्या हलल्या की रीडिंग हलतं, काहीच न धरता मीटरवर चाळीस-पन्नास पिको दिसत असतात, त्यामुळे २२ पिकोचा क्रिस्टलचा कॅपॅसिटर मोजायचा विचारच सोडून द्यायचा. रिलेटिव्ह बटण दाबून शून्य करता येतं, पण हात हलला की परत सगळं बदललं. १०० नॅनोच्या वर मात्र तक्रार नाही.

सेलवाला मी खरं तर चुकून घेतला, एका ऑर्डरमध्ये थोडी रक्कम कमी पडत होती म्हणून टाकला, आणि आज सगळ्यात जास्त वापरात तोच आहे. त्याला एकच मोठं बटण. दाबलं, धरलं, आकडा आला. मेनू नाही, रंगीत स्क्रीन नाही, काही नाही. पार्ट पकडल्यावर रेझिस्टर आहे का कॅपॅसिटर का डायोड हे स्वतःच ठरवतो आणि दहापैकी नऊ वेळा बरोबर ठरवतो. दहाव्या वेळी काय होतं ते सांगतो: मोठा कॅपॅसिटर, म्हणजे ४७ मायक्रोच्या पुढचा, पकडला की आधी काही सेकंद त्याला रेझिस्टर समजतो, आकडा वर वर चढत जातो आणि मग एकदम जाग आल्यासारखा मायक्रोफॅरड दाखवायला लागतो. अशा साध्या मीटरमध्ये बहुतेक वेळा कॅपॅसिटरला थोड्या करंटने चार्ज करून किती वेळ लागला ते मोजतात, त्यामुळे मोठ्याला वेळ लागणारच, हे एकदा समजलं की चिडचिड होत नाही. बटण दाबून नुसत्या कॅपॅसिटर मोडला लॉक केलं की ही कटकटही जाते.

इंडक्टर मात्र त्याच्या गावीच नाही. १० मायक्रोहेन्रीचा चोक दिला तर शून्य पॉइंट एक-दोन ओहमचा रेझिस्टर म्हणून दाखवतो, आणि डीसीला तो खरंच तसाच असतो, त्यामुळे त्याला खोटारडाही म्हणता येत नाही. एलईडी बघायलाही याच्या मर्यादा आहेत. आत ३ व्होल्टचा सीआर२०३२, लाल एलईडीला १.८-२ व्होल्ट पुरतात, तो मस्त पेटतो, पण निळ्या-पांढऱ्याला जवळपास ३ व्होल्ट लागतात, तिथे एकतर काजव्याएवढा उजेड नाहीतर सरळ ओपन दाखवतो. मी या नादात नव्याकोऱ्या पांढऱ्या एलईडींची अख्खी पट्टी खराब म्हणून बाजूला काढली होती. नंतर बेंच सप्लायवर रेझिस्टर लावून बघितलं तर सगळ्या ठणठणीत.

चार्जिंगवाला आला तेव्हा मी लहान मुलासारखा खूश होतो. रंगीत स्क्रीन, फ्रिक्वेन्सी बदलता येते, सिग्नलची लेव्हल बदलता येते, मुख्य आकड्याखाली ईएसआर (कॅपॅसिटरचा स्वतःचा आतला रेझिस्टन्स), क्यू आणि डी (पार्ट किती ऊर्जा वाया घालवतो त्याचे आकडे) असं सगळं बारीक अक्षरात येतं. आणि त्याच रात्री डोक्याला शॉट बसला, कारण लॅपटॉपच्या सी-टू-सी केबलवर हा चार्जच होईना. जुन्या चार्जरची ए-टू-सी केबल लावली तर लगेच सुरू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, टाइप-सी सॉकेट असलेल्या वस्तूने सीसी१ आणि सीसी२ या दोन पिनांवर ग्राउंडकडे ५.१ के चा एकेक रेझिस्टर लावायचा असतो, तो दिसला तरच पलीकडचा सी चार्जर ५ व्होल्ट सोडतो. हे दोन रेझिस्टर वाचवले की सी-टू-सीवर ठणठणाट. बरं वाचवून वाचवलं किती, तर दोन रेझिस्टर, म्हणजे जे पार्ट मोजायला ही वस्तू बनवली तेच! शेवटी एका रविवारी उघडला, सुदैवाने सॉकेटच्या त्या पिनांना पॅड होते, दोन ०४०२ बसवले. आणि ते ५.१ के च आहेत ना हे कशाने मोजलं असेल? सेलवाल्याने. चार्जिंगवाला तेव्हा डिस्चार्ज होऊन पडला होता.

पण तो चालतो तेव्हा चालतो बाबा. इंडक्टर मोजायचे असतील तर अशा चिमट्याला पर्याय नाही, आणि इथे फ्रिक्वेन्सीचं गणित एकदा समजून घ्या म्हणजे जाहिरातीतल्या आकड्यांना भुलणार नाही. १ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर १ किलोहर्ट्झला किती अडवतो, तर जेमतेम ६.३ मिलिओहम. चिमट्याच्या टोकाचा नुसता स्पर्शाचा रेझिस्टन्स त्याच्या दहापट असू शकतो, दाब थोडा कमीजास्त झाला की तेवढा फरक पडतो. १० किलोहर्ट्झला तेच ६३ मिलिओहम होतात, म्हणजे काहीतरी दिसायला लागतं, आणि १०० किलोहर्ट्झला ०.६३ ओहम, म्हणजे व्यवस्थित. बजेटमधले बरेच चिमटे १० किलोहर्ट्झला थांबतात. तेव्हा 'रेंज १ मायक्रोहेन्रीपासून' असं खोक्यावर छापलेलं असलं तरी त्या टोकाला फार विश्वास टाकू नका, माझ्याकडे १ मायक्रोहेन्रीला एकाच पार्टची पाच वेळा पाच उत्तरं आली. १० मायक्रोहेन्रीला बरं, १०० ला तर डीई-५००० च्या अगदी जवळ. डीई-५००० मध्ये १०० किलोहर्ट्झ आहे आणि त्याला टीएल-२२ नावाची चिमट्याची लीड वेगळी मिळते, पण ती बेंचवर बसून वापरायची गोष्ट, खिशात टाकायची नाही.

उलट्या टोकाला कॅपॅसिटरचंही तसंच आहे. १० पिकोफॅरड १ किलोहर्ट्झला जवळपास १६ मेगाओहम होतो, तिथे हाताचा घाम आणि टोकावरचा फ्लक्ससुद्धा (सोल्डरिंगचं चिकट द्रव्य) मोजमापात भाग घेतो. म्हणून बारीक कॅपॅसिटर १० किलोहर्ट्झला मोजायचे, आणि मोठे इलेक्ट्रोलायटिक खाली १०० हर्ट्झला. हे ऑटोवर सोडलं तर बहुतेक चिमटे स्वतःच करतात, पण माझा चार्जिंगवाला कधीकधी दोन फ्रिक्वेन्सींमध्ये हिंदोळे घेत बसतो, आज इकडे उद्या तिकडे, मग मी हाताने फिक्स करतो.

आता एक गोष्ट जी कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. १० मायक्रोचे एक्स५आर (सिरॅमिकचा एक प्रकार) कॅपॅसिटर मोजले, ८.१, ८.२, ८.१. मी म्हटलं झालं, विकणाऱ्याने टोपी घातली. मग सहज सिग्नलची लेव्हल वाढवून परत मोजले तर आकडा वर गेला. तेव्हा डेटाशीट नीट वाचली, तर अशा कॅपॅसिटरची किंमत १ किलोहर्ट्झला अर्धा किंवा १ व्होल्ट आरएमएस सिग्नलवर धरलेली असते, आणि एक्स५आर-एक्स७आर मंडळी कमी सिग्नलला कमीच भरतात. चिमटे बिचारे बॅटरी वाचवायला त्याहून कमी सिग्नल देतात. त्यात टॉलरन्स वीस टक्के, म्हणजे ८ आला तरी तक्रारीला जागा नाही. सीओजी (किंमत स्थिर राहणारा सिरॅमिकचा प्रकार) घेतले की हे काहीच होत नाही, १०० पिको म्हणजे कुठल्याही लेव्हलला १०० पिकोच्या आसपास. म्हणून चिमट्याची परीक्षा घ्यायची असेल तर सीओजी कॅपॅसिटर आणि एक टक्क्याचे रेझिस्टर घ्या, मोठ्या एक्स५आर वर मीटरचा निकाल लावू नका.

आणि हेही बघून ठेवा: तोच कॅपॅसिटर बोर्डवरून हॉट एअरने काढला, पूर्ण गार होऊ दिला आणि मोजला, तर रिळातल्या नव्या भावापेक्षा जास्त दाखवतो. हे सिरॅमिक पडून पडून हळूहळू उतरत जातात आणि साधारण १२५ डिग्रीच्या वर तापले की परत ताजे होतात, सोल्डरिंगचं तापमान तर त्याच्या कितीतरी वर. काढल्या काढल्या गरम असताना मोजला तर मात्र आकडा भलताच येतो, तेव्हा धीर धरा.

सुट्या पायांचा जो आहे, त्याच्याबद्दल माझं मन दोन्हीकडे आहे. बारीक, हलका, पाय काढून दुसरे लावता येतात, स्क्रीन उजव्या-डाव्या हाताप्रमाणे फिरते, डावखुऱ्या माणसाला पहिल्यांदाच कोणीतरी विचारात घेतल्यासारखं वाटतं (मी डावखुरा). ०२०१ म्हणजे ०.६ बाय ०.३ मिमी, एवढासा तुकडा चारपैकी याच एकाने सरळ पकडला. पण स्क्रीन इतकी छोटी की चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याला लावून बघावं लागतं, टचचं बटण कुठे आहे ते हाताला कळत नाही त्यामुळे पार्ट धरलेला असताना मोड बदलतो, आणि जोडाच्या ठिकाणी, जिथे पाय खोचले जातात, तिथे सहा-आठ महिन्यांत ढिलेपणा आला. ढिलेपणा आला की लहान रेझिस्टन्स गेला. १ ओहमचा कधी १.० कधी १.४. पाय काढून आयपीएने (साफसफाईच्या अल्कोहोलने) पुसून परत घट्ट खोचले की आठवडाभर नीट.

यावरून टोकांवर येतो, कारण चिमटा-मीटरमध्ये सगळी जान तिथेच आहे, आत कितीही हुशार चिप असली तरी. सगळे सांगतात सोन्याचा मुलामा आहे. असतोही, पहिले काही महिने. मग आपण गरम सोल्डरला टोक लावतो, फ्लक्स चिकटतो, खरवडतो, आणि थोड्या दिवसांनी टोकावर सोनं जाऊन सोल्डरचं कथील चढलेलं असतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण इतकी शब्दशः खरी झालेली मी दुसरीकडे पाहिली नाही. माझा सेलवाला जाड टोकाचा आहे, ०८०५ आणि ०६०३ ला भक्कम, ०४०२ ला जरा जपून, ०२०१ विसरा. चार्जिंगवाल्याची टोकं टोकदार आहेत पण पाय लवचिक, जरा जोर लावला की एकमेकांवर कैचीसारखी सरकतात आणि पार्ट गेला. कागदावर हा मीटर सेलवाल्याच्या दोन पावलं पुढे आहे, पण ढिगातून पन्नास पार्ट वेगळे करायचे असले तर हात आपोआप सेलवाल्याकडे जातो.

शून्य करायची सवय लावून घ्या. रेझिस्टन्ससाठी टोकं एकमेकांना टेकवून, आणि बारीक कॅपॅसिटरसाठी टोकं उघडी ठेवून, पण कशीही उघडी नाही, जेवढा पार्ट आहे तेवढंच अंतर ठेवून. ०८०५ चं २ मिमी आणि ०४०२ चं १ मिमी, या दोन अंतरांमध्ये टोकांच्या आपसातल्या कॅपॅसिटन्सचा पिकोचा काही भाग इकडेतिकडे होतो, ४.७ पिको मोजताना तेवढंही टोचतं. मी एक बिनकामाचा सर्किट बोर्डाचा तुकडा घासून पार्टच्या जाडीचा करून ठेवलाय, तो धरून शून्य करतो. फायबरग्लासमुळे स्वतःचा थोडा कॅपॅसिटन्स त्यात येतो हे कबूल, पण हात थरथरत हवेत अंदाजाने धरण्यापेक्षा रोजचं उत्तर तरी सारखं येतं. बोटं धातूच्या भागाला लागू द्यायची नाहीत हे तर आलंच.

बोर्डवरच मोजता येतं का असं बरेच जण विचारतात. येतं आणि नाही येत. सप्लाय बंद, मोठे कॅपॅसिटर डिस्चार्ज केलेले, एवढं झाल्यावर चिमटा लावला तरी तो पार्ट मोजत नाही, त्या दोन बिंदूंमध्ये जे जे काही आहे ते सगळं मोजतो. एका सप्लाय लाइनवर २० डिकपलिंग (सप्लाय स्थिर ठेवणारे) कॅपॅसिटर १०० नॅनोचे असले तर कुठल्याही एकावर चिमटा लावा, २ मायक्रो आणि वर त्या लाइनवरचे मोठे कॅपॅसिटर, असंच दिसणार. मला मात्र बोर्डवर चिमट्याचा खरा उपयोग शॉर्ट शोधायला झालाय, आणि ईएसआर वाढलेला इलेक्ट्रोलायटिक ओळखायला. तिथे सिग्नल ०.३ व्होल्टच्या आसपास ठेवता आला तर उत्तम, सिलिकॉन जंक्शन तेवढ्याला उघडत नाही, त्यामुळे आजूबाजूच्या आयसी मध्ये लुडबुड करत नाहीत. सेलवाल्यात हा पर्याय नाही. फेराइट बीड (वरच्या फ्रिक्वेन्सीचा गोंगाट अडवणारा पार्ट) कुठल्याच चिमट्यावर नीट दिसत नाही, त्याचे ६०० ओहम हे १०० मेगाहर्ट्झचे असतात, आपल्याला फार तर तुटलाय की नाही तेवढं कळतं.

करंट शंटचे, म्हणजे करंट मोजायला लावलेले, मिलिओहम रेझिस्टर या चौघांपैकी कोणावरही मोजू नका. त्याला प्रत्येक पायावर दोन वेगळे संपर्क असलेला, चार वायरींचा केल्विन चिमटा लागतो.

सेल-बॅटरीचं म्हणाल तर सीआर२०३२ वाला मी रोज थोडा वापरतो आणि सेल कधी बदलला ते आठवत नाही, ऑटो-ऑफ नीट आहे. चार्जिंगवाला महिनाभर खणात राहिला की हमखास मेलेला सापडतो, आणि नेमका तेव्हाच इंडक्टर मोजायचा असतो.

मग घ्यायचा कोणता? नुसतं रिपेअर आणि छंद असेल, रेझिस्टर-कॅपॅसिटर ओळखायचेत, तर सेलवाला प्रकार घ्या, जाड टोकांची तक्रार करत करत घ्या पण घ्या. स्विचिंग पॉवर सप्लाय करत असाल, चोक गुंडाळत असाल, तर फ्रिक्वेन्सी बदलणारा चार्जिंगचा लागेल, फक्त १०० किलोहर्ट्झ हवंय का ते आधी स्वतःला विचारा, हवं असेल तर चिमट्यात पैसे न घालता डीई-५००० सारखा मीटर आणि चिमट्याची लीड हा जास्त शहाणा खर्च. वायरवाला मी भाच्याला देऊन टाकला, त्याच्या मल्टिमीटरवर मजेत चाललाय. सुट्या पायांचा खणात आहे, ०२०१ आला की बाहेर निघतो.

आणि कुठलाही घेतलात तरी परत करायची मुदत असेतोवर दोन गोष्टी करा. टोकं मिटवून दिव्यासमोर धरा, मधून उजेडाची चीर दिसली किंवा एक टोक दुसऱ्याच्या पुढे आलेलं दिसलं तर लगेच बदलून मागा, वाकवून सरळ करू म्हणाल तर मुलामा तडकतो. आणि १ ओहमचा एक टक्क्याचा रेझिस्टर दहा वेळा पकडून सोडून बघा. दहाही वेळा शेवटचा आकडा फार उड्या मारत नसेल तर ठेवा.